माल्टात चार दिवस आहोत, सोबत साठीपुढचे आईबाबा. इम्दिनाला अर्धा दिवस पुरेल का?

पुरेल. इम्दिना ही माल्टाची तटबंदीतली जुनी राजधानी, आता छोटंसं गाव. पण अर्धा दिवस दुपारी दोननंतरचा ठेवा आणि त्यात शेजारचं रबातही धरा. मी आईला घेऊन सकाळी अकराला पोचले, तिथेच चुकलं. सहलींच्या बसगाड्या त्याच सुमारास येतात. अरुंद गल्ल्यांत पुढच्याच्या पाठीखेरीज काही दिसेना. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, उशिरा, तेव्हा कुठे गाव नीट पाहता आलं.

रबात कशासाठी, ते सांगते. रोमन काळी इथे मेलिते नावाचं मोठं शहर होतं. पुढे ते आक्रसलं. एक तुकडा तट-खंदकाच्या आत राहिला, बाकीचा बाहेर. अरबी अमलातली नावं अजून टिकून आहेत: इम्दिना म्हणजे मदिना, शहर, आणि रबात म्हणजे वेशीबाहेरची वस्ती, आपल्या किल्ल्याखालच्या पेठेसारखी. दोन्हींच्या मध्ये रोमन घराचं संग्रहालय आहे. पाणी पिणाऱ्या कबुतरांचं तिथलं मोझेक पाहिलं, की आज आपण ज्याला 'बाहेर' म्हणतो ते एकेकाळी शहरातच होतं हे आपोआप कळतं.

रबातमध्येच सेंट पॉलची भुयारी दफनस्थळं आहेत. मृतांच्या स्मरणार्थ जेवायला बसत त्यासाठी खडकातच कोरलेली गोल मेजं तिथे आहेत. मला ती सगळ्यात जास्त आवडली, पण पायऱ्या खूप आणि वाटा ठेंगण्या. गुडघे दुखत असतील तर आईबाबांना वर बसवा आणि तुम्ही एकटे जाऊन या.

इम्दिनाची वेस १७२४ ची. आत शिरल्यावर कॅथेड्रल चुकवू नका. १६९३ च्या भूकंपानंतर वास्तुकार लोरेन्झो गाफानं ते नव्यानं बांधलं. समोर दोन घड्याळं आहेत: एकात वेळ, दुसऱ्यात तारीख. संध्याकाळ होता होता आतली ठिकाणं बंद होतात, म्हणून ती आधी उरका.

१५३० मध्ये बेट सेंट जॉनच्या सरदारांकडे, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या संघाकडे आलं. त्यांचं बळ आरमारात, म्हणून ते बंदराकाठी बिर्गूला राहिले आणि ही जुनी राजधानी मागे पडली. आज तटाच्या आत तीनशेही माणसं राहत नाहीत. बाहेरच्यांच्या गाड्यांना सहसा आत प्रवेश नाही. सहलीची गर्दी ओसरली, की स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो.

खायला रबातमध्ये पास्तीत्सी घ्या: पापुद्र्यांची गरम पारी, आत रिकोटा किंवा वाटाण्याचं सारण. शाकाहारी असाल तर पारीत कुठली चरबी वापरली आहे ते विचारा.

बस आजची राजधानी व्हॅलेटाच्या ट्रायटन कारंज्यापाशी मिळते, साधारण अर्ध्या तासाचा रस्ता. उतरल्याबरोबर परतीच्या वेळा पाहून ठेवा, कारण इम्दिनाच्या उत्तरेच्या बुरुजावरून पाय निघत नाही. तिथून मोस्ता गावच्या चर्चचा घुमट दिसतो आणि त्यापलीकडे समुद्र. आई तिथे तासभर बसली होती.