कुंड्यांना किती दिवसांनी पाणी घालावे आणि लावलेल्या गुलाबाच्या फांद्या का सडतात?

दिवसांचा आकडा मी देणार नाही. कुंडीत कोणती माती आहे, हे आपण प्रश्नात लिहिलेलेच नाही, आणि सगळे दुखणे तिथेच असते.

आमच्या लातुरात २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हापासून भाजी-तांदूळ धुतलेले पाणीही फेकून द्यायला कुणाचा हात धजावत नाही, ते कुंडीत जाते. सवय उत्तमच आहे. पण ते रोज त्याच दोन-चार कुंड्यांत जाते.

औशाजवळ माझ्या बहिणीकडे हेच चालले होते. दाजींनी शेतातली काळीभोर माती आणून प्लास्टिकच्या कुंड्या भरल्या आणि त्यांत जास्वंद, मोगरा व गुलाबाच्या फांद्या लावल्या. पाने पिवळी पडून जास्वंदाने मान टाकली, तेव्हा मातीला वरून भेगा दिसतात म्हणून त्यांनी पाणी वाढवले. मी नको म्हणालो, तर चार पाहुण्यांसमोर त्यांनी सुनावले, "तू मला माती शिकवायलास व्हय?" मी जास्वंदाची कुंडी तिथेच फरशीवर पालथी केली. वरचा बोटभर थर ढेकळासारखा कडक होता. त्याखालचा गोळा मात्र चिकट, ओलागच्च आणि गटारासारखा वास मारणारा निघाला. मूळ चिमटीत धरून ओढले की साल निसटून हातात येई आणि आत दोऱ्याएवढी शीर उरे. दाजी तरीही म्हणाले, रोग पडला असेल.

रोग पडतो, पण नंतर. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली छिद्रे बुजतात आणि मुळांना प्राणवायू मिळत नाही. गुदमरलेली मुळे पाणी ओढेनाशी होतात, म्हणून ओल्या मातीतही झाड तहानल्यासारखे दिसते, आणि मग मूळकुजीची बुरशी उरलेले काम उरकते. शेतात हाच गुण वरदान ठरतो, कारण धरून ठेवलेल्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते. वीतभर खोल कुंडीत मात्र ती ओल उतरायला जागाच नसते. तळाशी खडे घालूनही भागत नाही. पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडून राहते.

फांद्यांचे म्हणाल, तर त्यांना मुळेच नसतात, मग त्या पाणी पिणार किती? त्यांना दमट हवा हवी. धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, निम्मे-निम्मे घ्यावे, एकदा नीट भिजवून पाणी निथळू द्यावे, वरून प्लास्टिकची पिशवी घालून कुंडी सावलीत ठेवावी आणि वाळू कोरडी वाटेपर्यंत पाण्याला हात लावू नये. कोंब फुटले की लोक हुरळून पाणी घालू लागतात. ते कोंब बहुधा फांदीतल्या साठ्यावर फुटलेले असतात, खाली मूळ असेलच असे नाही.

लावलेल्या झाडांसाठी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि ओल लागली तर परत फिरावे. मात्र मे महिन्यात गच्चीवरच्या मातीच्या कुंडीला रोज पाणी लागू शकते. काळी माती पूर्ण वाळली असेल, तर ती कडा सोडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली वाहून जाते. तेव्हा थांबून थांबून घालावे. दाजींसारखे काळ्या मातीवरच अडून बसायचे असेल, तर निदान तिच्यात निम्मी वाळू आणि भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे.