खेळाची आवडच नाही, मग व्यायाम कसा करू?

प्रश्न: मी जळगावची, वय ४२. शाळेपासून खेळात कधीच नव्हते. जिमची फी भरली पण जायचा कंटाळा येतो आणि डॉक्टर म्हणतात हालचाल वाढवा. काय करू?

उत्तर: ताई, जिम सोडलीत तरी चालेल, खरंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो खेळच असला पाहिजे असं कुठंय? मैत्रिणीला घेऊन पहाटे मेहरूण तलावावर चाला, इतकं भरभर की गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही, तोच मध्यम वेग. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ऊन चढायच्या आत घरी या. आणि नाच आवडतो का? आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला आपल्या बायका फुगड्या घालतात, दमेपर्यंत नाचतात आणि कुणालाच तो व्यायाम वाटत नाही, मग घरी दार लावून अहिराणी गाणी लावा नि नाचा की, दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी ते धरले जातात. स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा. छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.