वाय-फाय फुल, तरी कॉल अडकतो

प्रश्न : घरात सिमकार्डवर चालणारा फोर-जी राऊटर आहे. टीव्हीच्या कपाटात ठेवलाय. फोनवर वाय-फाय फुल दिसतं, तरी व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. बाहेरून लावायचा अँटेना घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : इतक्यात घेऊ नका. फोनवर जे फुल दिसतं ते राऊटर ते फोन एवढंच. टॉवर ते राऊटर हा टप्पा वेगळा, आणि मला संशय त्याचाच आहे. खात्री करायची तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडा आणि स्पीड बघा. तिथेही रडत असेल तर वाय-फायचा दोष नाही.

आता राऊटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. आत सिग्नलच्या पानावर दोन आकडे शोधा. आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा जोर. तो उणे असतो. -80 उत्तम, -110 अगदीच क्षीण. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे ते. 20 च्या वर असेल तर छान, शून्याच्या आसपास असेल तर कठीण. लोक पहिल्याच आकड्यावर अडतात. मी दुसऱ्याला जास्त मानतो. भरल्या सभागृहात कोणी कितीही मोठ्याने बोललं तरी शब्द कळत नाहीत, तसंच दोन टॉवरचे सिग्नल एकमेकांवर आदळले की होतं. म्हणून जोर थोडा कमी, पण एसआयएनआर चांगला, अशा खिडकीत स्पीड जास्त मिळू शकतो.

तेव्हा राऊटर कपाटातून काढा आणि एकेका खिडकीत ठेवून बघा. प्रत्येक जागी मिनिटभर थांबा, आकडे स्थिरावले की कागदावर लिहा, मग स्पीड मोजा. हातभर सरकवल्यानेही आकडा बदलतो, त्यामुळे एकाच खिडकीत डावा-उजवा कोपराही तपासा. उन्हाची धग अडवणाऱ्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो. अशी काच उघडून बघा. आरसा, फ्रिज, लोखंडी कपाट यांच्यापासून लांबच.

खिडकीत सिग्नल मिळाला आणि वाय-फाय आतल्या खोलीत पोचेना, तर राऊटर हलवू नका. तिथून लॅन केबल आत आणून दुसरा वाय-फाय पॉइंट लावा. ही केबल 100 मीटरपर्यंत चालते.

सगळ्या खिडक्या फिरूनही आकडे वाईटच असतील, तर अँटेनाचा विचार जरूर करा. पण आधी राऊटरला बाहेरच्या अँटेनाची सॉकेट आहेत का ते पाहा. बहुधा दोन असतात आणि दोन्ही जोडायची असतात. अँटेनाची वायर मात्र आखूड ठेवा. लांब, बारीक वायरीत, विशेषतः वरच्या बँडवर (म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीवर), कमावलेला सिग्नल वाटेतच जिरतो.

आणि आकडे दिवसभर चांगले असून फक्त रात्री स्पीड पडत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. तिथे अँटेनावर पैसे घालू नका. दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच खिडकीत लावून रात्रीच्याच वेळी तपासा.