आई फक्त ‘येशू, येशू’ म्हणते. तिला थांबवावं का?

प्रश्न : पक्षाघातानंतर माझ्या आईला लांब प्रार्थना आठवत नाहीत. रोझरी (जपमाळ) हातात धरून ती दिवसभर नुसतं ‘येशू, येशू’ म्हणते. नणंद म्हणते, ‘व्यर्थ बडबड करू नका’ असं प्रभूनेच सांगितलंय (मत्तय ६:७). आम्ही आईला थांबवावं का?
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, मुळीच थांबवू नका. त्याच वचनाचा पुढचा भाग वाचा. फार बोललं म्हणजे देव ऐकतो, ही समजूत प्रभू तिथे खोडून काढतात. गेथशेमाने बागेत त्यांनी स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). नणंदेला हे वचन जरूर दाखवा.

यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयालाही लोक गप्प राहा म्हणून दटावत होते. तो अधिकच ओरडू लागला, ‘येशू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया करा!’ आणि प्रभू थांबले. पूर्वेकडच्या चर्चमधली ‘येशूची प्रार्थना’ या हाकेशी नातं सांगते : ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ ग्रीसमधल्या एथॉस पर्वतावरचे मठवासी लोकरीच्या दोरीची एकेक गाठ बोटांखालून सरकवत ती म्हणतात. पहिला भाग श्वास घेताना, दुसरा सोडताना. आपल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही येशूच्या नामाचा धावा हा अखंड प्रार्थनेचा सर्वांत सोपा मार्ग मानला आहे.

मात्र नाम म्हणजे तोडगा नव्हे. इफिसात स्किवाच्या सात मुलांनी येशूला न ओळखता त्याचं नाव भूतं काढायला वापरलं आणि मार खाऊन, उघडेनागडे पळाले (प्रेषितांची कृत्ये १९). तुमच्या आईचं तसं नाही. तिने जन्मभर ज्याच्याशी बोलणं केलं, त्यालाच ती हाक मारते आहे.

मी आजाऱ्यांना कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) द्यायला घरोघर जातो. पोटच्या मुलांची नावं विसरलेली माणसंही या नावाशी ओठ हलवतात, हे मी पाहिलं आहे. रोझरीत पुन्हा पुन्हा म्हटल्या जाणाऱ्या प्रत्येक ‘नमो मारिया’ प्रार्थनेच्या मध्यावर येशूचं नाव आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली रोझरीवरच्या पत्रात त्यालाच त्या प्रार्थनेचा गुरुत्वमध्य म्हटलं. आईकडे नेमकं तेच उरलं आहे.

संध्याकाळच्या रोझरीला तिला सगळ्यांच्या मध्ये बसवा. ‘नमो मारिया’ तुम्ही सुरू करा आणि ‘येशू’पाशी थांबा, तो शब्द तिला म्हणू द्या. वेळ लागला तर लागू द्या. ३ जानेवारीला येशूच्या पवित्र नामाचा स्मरणदिन असतो. त्या दिवशी फादरांना कम्युनियन घेऊन घरी यायला आतापासूनच सांगून ठेवा.