७ दिवसांत ५ किलो वजन कमी? थांब जरा

अगं, असा दावा करणाऱ्या डाएटचे पैसे भरायच्या आधी साधा हिशोब कर, १ किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे ५ किलोला ३८,५०० झाल्या, आठवड्यात जाळायच्या तर रोज ५५०० आणि आपलं शरीर दिवसभरात जाळतं जेमतेम दोनेक हजार, मग अगदी निर्जळी उपवास केलास तरी जमणार कसं? काट्यावर उतरतं ते बहुतेक पाणी. भात-पोळी बंद केली की साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, संपतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी जातं, आणि पहिल्याच लग्नाच्या जेवणाला सगळं परत. मीही फसलेय यात, केस गळायला लागले तेव्हा आईने ताट वाढून समोर बसवलं. महिन्याला २ किलो गेले तरी खूप आहे गं. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नकोस, प्लीज.