दुर्मीळ यंत्रे विकत घ्यावीत, की इतरांची दुरुस्तीला घ्यावीत?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: माझे वय ४१ आहे. पाच वर्षांपासून मी नोकरी सांभाळून जुने संगणक दुरुस्त करतो आणि ती प्रक्रिया यूट्यूबवर दाखवतो. एका संग्राहकाकडून पीडीपी-८/ई, ॲपल लिसा आणि ऑल्टेअर ८८०० हे तीन दुर्मीळ, बंद पडलेले संगणक एकगठ्ठा मिळत आहेत. त्यांची किंमत आमच्या १४ महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे, आणि नवी हत्यारे व उपकरणे घ्यायला आणखी ४ महिन्यांचा खर्च लागेल. निवृत्तीनिधी सोडून आमची बचत ३० महिन्यांच्या खर्चाइतकी आहे. पत्नीच्या पगारातून निम्मा घरखर्च भागतो. ही यंत्रे घेऊन नोकरी सोडावी का?

सप्रेम नमस्कार.

सगळे आकडे आपण घरखर्चाच्या महिन्यांत मोजून दिलेत, त्यामुळे माझे काम सोपे झाले; तोच हिशेब पुढे चालवतो. खरेदीनंतर आपल्याकडे १२ महिन्यांचा खर्च उरेल आणि निम्मा भार पत्नीचा पगार उचलणार असल्याने तो २४ महिने पुरेल. कागदावर हे जुळते. मात्र नोकरी सुटताच मालकाकडून मिळणारे आरोग्यविम्याचे कवच जाईल, निवृत्तीनिधीत दरमहा पडणारी भर थांबेल, आणि आकस्मिक खर्चासाठी वेगळा ठेवलेला पैसाच उरणार नाही, कारण या २४ महिन्यांत तोही गृहीत धरलेला आहे. घरातले एखादे आजारपणही हा काळ निम्म्यावर आणू शकेल.

तरीही माझा मुख्य आक्षेप यापेक्षा वेगळा आहे आणि तो आपण पत्रासोबत पाठवलेल्या नोंदवहीतच सापडतो. गेल्या वर्षी आपण १२ व्हिडिओ केले, सर्व स्वतःच्या यंत्रांवर. दुरुस्ती, चित्रीकरण आणि संकलन धरून प्रत्येकाला सरासरी ५५ तास लागले, म्हणजे एकूण ६६० तास. आणि जाहिरातींतून मिळाला एका महिन्याच्या घरखर्चाचा तिसरा हिस्सा. त्याच वर्षी ओळखीच्या सहा जणांची यंत्रे आपण मजुरी घेऊन दुरुस्त केलीत, प्रत्येकी साधारण २० तासांत, आणि त्या १२० तासांतून दीड महिन्याचा खर्च निघाला. तासाचा भाव काढला तर दुसऱ्या कामाने पहिल्याच्या जवळजवळ २५ पट दिले. ही सहा यंत्रे मात्र आपण चित्रित केली नाहीत, कारण आपल्याच शब्दांत ती ‘साधी’ होती.

नोकरी सोडून आठवड्याला ४५ तास दिले, तर वर्षाच्या ४८ कामाच्या आठवड्यांत साधारण ३९ व्हिडिओ होतील. प्रत्येक व्हिडिओचे प्रेक्षक आजच्या चौपट झाले असे धरले, तरी त्यांतून सव्वाचार महिन्यांचाच खर्च निघतो; आपल्याला सहा महिन्यांचा हवा आहे. लांब व्हिडिओंवरील जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा यूट्यूब निर्मात्याला देते आणि एक हजार सदस्य व बारा महिन्यांत ४,००० तास पाहणे ही त्यासाठीची अट आपण केव्हाच ओलांडली आहे, त्यामुळे त्या बाजूने नवे काही उघडायचे राहिलेले नाही. याउलट वर्षाला २४ यंत्रे मजुरीवर घेतली, तर सहा महिन्यांचा खर्च केवळ मजुरीतून निघतो. त्यांना ४८० तास लागतील, चित्रीकरण-संकलनाचे प्रत्येकी १५ धरले तर आणखी ३६०. एकूण ८४० तास झाले, आणि गेल्या वर्षी नोकरी सांभाळून आपण ७८० तास दिलेच होते. जाहिरातींतून येईल ते वरचे.

आता त्या तीन यंत्रांविषयी. गुंतवणूक म्हणून ती कमकुवत आहेत असे मला वाटते. दुर्मीळ वस्तूला ग्राहक थोडे असतात. लिलावात एकदा मिळालेला भाव बातमीत दिसतो, पण महिनोन्‌महिने न विकलेली यंत्रे दिसत नाहीत. शिवाय तिघांची जोखीम सारखी नाही. पीडीपी-८/ई १९७० चे असले, तरी त्याच्या सर्किट-पाट्यांवर बव्हंशी प्रमाणित टीटीएल चिप (त्या काळच्या साध्या तर्क-चिप) आहेत आणि त्या आजही मिळतात. तिथे धास्ती आहे ती कोअर मेमरीची, म्हणजे बारीक तारांत ओवलेल्या चुंबकीय कड्यांत माहिती साठवणाऱ्या स्मृतीची, कारण त्या कड्या बिघडल्या तर हाताशी उपाय फार थोडे. १९७५ च्या ऑल्टेअरची बहुतेक जोडणी ग्राहकांनी किट घेऊन घरीच केलेली होती, त्यामुळे मूळ सोल्डरिंग कसे असेल ते उघडल्यावरच कळते. १९८३ च्या लिसाच्या आय/ओ बोर्डावर (बाहेरची उपकरणे जोडणाऱ्या पाटीवर) निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली तर बोर्डावरचे तांबे खाऊन टाकते. विक्रेता नुसते ‘बंद’ म्हणतो, तेव्हा यांपैकी काय झाले आहे हे न पाहता १४ महिन्यांचा खर्च मोजणे हा जुगार ठरतो.

शिवाय एक दुर्मीळ यंत्र म्हणजे दोन-तीन व्हिडिओ. मग ते फडताळात बसते आणि त्यात गुंतलेले भांडवलही तिथेच बसते. दुसऱ्याचे यंत्र बरे होऊन परत जाते आणि जागा रिकामी करते. कमोडोर ६४ हे घरगुती संगणक एक कोटीहून अधिक विकले गेले. त्याच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातील पाच व्होल्टचा रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारा भाग) निकामी होऊन मेमरी जळते, हे ज्याच्या घरी घडले तो माणूस नेमका तोच व्हिडिओ शोधत येतो. लिसा पाहायला लोक कुतूहलाने येतील. मात्र ज्याच्या पदरी स्वतःचे बंद यंत्र आहे, तोच आपला पुढचा ग्राहक होण्याची शक्यता अधिक. (खरे सांगायचे तर लिसा उघडलेली मलाही पाहायला आवडेल, म्हणूनच हिशेबात ती आवड शिरू देत नाही.)

म्हणून माझे मत असे की नोकरी आणखी किमान बारा महिने ठेवावी आणि तिन्ही यंत्रे एकगठ्ठा घेऊ नयेत. उपकरणांचा खर्च ४ महिन्यांवरून दीड महिन्यावर आणता येईल: सोल्डर ओढून घेणारे स्टेशन, मुख्य वीजवाहिनीपासून यंत्र अलग ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, जुन्या मेमरी-चिप लिहिणारा ईप्रॉम प्रोग्रॅमर आणि चिपमधले संकेत दाखवणारा साधा लॉजिक ॲनलायझर एवढे पुरे, नवा कॅमेरा नको. बचतीतले १२ महिने आकस्मिक निधी म्हणून वेगळे काढून त्यांना हात लावू नये. सलग सहा महिने दरमहा दोन यंत्रे मजुरीवर आली, आणि तीही केवळ ओळखीची नव्हे तर व्हिडिओ पाहून आलेल्या माणसांची असली, तर नोकरी सोडण्याचा विचार पुन्हा मांडावा. ती आली नाहीत, तर आपल्याला जे कळेल ते १४ महिन्यांच्या खर्चापेक्षा खूप स्वस्तात कळलेले असेल.

दुसऱ्याचे यंत्र घेताना तोंडी बोलण्यावर काम सुरू करू नका. आलेल्या अवस्थेची छायाचित्रे, चित्रीकरणाची संमती, ने-आणीचा विमा कोणी भरायचा, आणि पहिल्यांदा वीज देताना काही जळले तर जबाबदारी कोणाची, हे एका पानावर लिहून सही घ्यावी. जुना वीजपुरवठा यंत्राला जोडण्याआधी कृत्रिम भारावर (यंत्राऐवजी वीज खेचणाऱ्या रोधावर) तपासण्याची आपली सवयही त्या पानावर येऊ द्या. उत्पन्न नियमित झाल्यावर ते छंदाचे राहत नाही, व्यवसायाचे होते, म्हणून वेगळे बँक खाते आजच उघडावे आणि सुट्या भागांच्या पावत्या जपाव्यात. कर भरताना त्या खर्चाची वजावट त्यांच्याच आधारे मागता येईल.

संग्राहकाने दोन आठवड्यांची मुदत दिली आहे असे आपण लिहिता. त्याला फक्त पीडीपी-८/ई ची वेगळी किंमत विचारा आणि कोअर मेमरीच्या पाटीची जवळून घेतलेली छायाचित्रे मागवा. ती किंमत तीन महिन्यांच्या घरखर्चाच्या आत असली आणि पाटी शाबूत दिसली, तर तेवढे एक घ्यायला माझी हरकत नाही. तो तिन्ही एकत्रच विकण्यावर अडून बसला, तर मुदत सरू द्यावी.