मंगळावर राहायचं तर आधी सुट्या भागांचं बोला

प्रश्न असा आहे: मोठी रॉकेटं आता होतच आहेत, मग परग्रहावर, म्हणजे सध्या तरी मंगळावर, राहायला अजून कोणतं तंत्रज्ञान कमी पडतंय?

माझी बरीच वर्षं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीत गेली, त्यामुळे माझं उत्तर थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार. यंत्रं आहेत. ती तिथे बंद पडली की काय, इथे घोडं पेंड खातं.

आधी हवा. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि त्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यातून ऑक्सिजन काढता येतो हे पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ मध्ये करून दाखवलं. पण हिशोब मांडून बघा. २०२३ पर्यंत सोळा वेळा चालवून त्याने एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे दोन वर्षांची ही कमाई एक जण साडेतीन तासांत संपवेल. अर्थात ते टोस्टरएवढं प्रायोगिक उपकरण होतं. मोठं बनवता येईल, मला त्याची फारशी चिंता नाही.

चिंता आहे ती पाण्याची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर लघवी, घाम, उच्छ्वासातली वाफ असं सगळं गोळा करून परत पिण्याचं पाणी करतात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत गेलं आणि त्याची बातमीही झाली. त्याआधी काय झालं होतं ते मात्र फार कुणी सांगत नाही. लघवी शुद्ध करणारं यंत्र २००८ मध्ये वर गेलं. वजनरहित अवस्थेत द्रव तळाशी बसत नाही, म्हणून त्यात एक फिरता ड्रम असतो आणि कमी दाबाखाली पाण्याची वाफ काढून घेतात. वर्षभरातच ड्रममध्ये क्षार साचून ते अडकलं. क्षार म्हणजे कॅल्शियम सल्फेट. जमिनीवरच्या चाचण्यांत हे दिसलं नव्हतं, कारण तिथली लघवी जमिनीवरच्या माणसांची होती! अंतराळात हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं, आणि लघवी टिकवायला घातलेल्या सल्फ्युरिक आम्लातला सल्फेट त्याला भेटला की पापुद्रा तयार. पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरायला लागले. तोपर्यंत पाणी कमी काढून, उरलेलं जास्त पातळ ठेवून काम भागवलं.

पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, म्हणजे मेंब्रेनवर, असा पांढरा थर मी शेकडो वेळा खरवडलाय. आम्लाने धुवायचं, नाहीच निघालं तर नवीन मागवायचं. अंतराळ स्थानकालाही नवीन भाग मिळाला, कारण ते जेमतेम ४०० किलोमीटर वर आहे आणि सामान घेऊन यानं येत असतात. मंगळाकडे जायची सोयीची वेळ दर २६ महिन्यांनी येते आणि प्रवासाला सहा-सात महिने. शिवाय आजवर तिथे उतरवलेलं सगळ्यात जड यान साधारण एक टनाचं. त्यात अन्न न्यायचं की पंप?

थ्रीडी प्रिंटरचं नाव लगेच निघतं. स्थानकावर २०१४ मध्ये प्लास्टिकचा पाना छापलाही. पण पाना वेगळा, आणि महिनोन्महिने फिरणारं बेअरिंग किंवा दाब धरणारं सील वेगळं.

झाडं लावून हवा-पाणी दोन्ही सुटेल, असं अनेकांना वाटतं. अ‍ॅरिझोनातल्या बायोस्फिअर-२ या झाडं लावलेल्या हवाबंद इमारतीत १९९१ पासून आठ माणसं दोन वर्षं बंद राहिली. आतला ऑक्सिजन २१ वरून १४ टक्क्यांच्या आसपास आला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. सुपीक मातीतले जिवाणू ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांकडे परत जायला हवा होता, तर तो इमारतीच्या काँक्रीटने शोषला. भिंत हाही हवेचा गिऱ्हाईक असतो हे नकाशा काढताना कुणाच्या डोक्यात येणार? आणि मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, थायरॉइडला घातक, ते धुऊन काढल्याशिवाय शेती नाही. म्हणजे पुन्हा पाणी.

विजेचं थोडक्यात: निव्वळ सौर पॅनेलवर विसंबू नये. २०१८ च्या धुळीच्या वादळाने ऑपॉर्च्युनिटी रोव्हर कायमचा गप्प केला. छोटी अणुभट्टी लागेल. अवकाशातून येणाऱ्या किरणोत्सारापासून वाचायला घरावर मातीचा जाड थर द्यायचा, तो सोपा भाग.

राहता राहिलं गुरुत्वाकर्षण. मंगळावर ते पृथ्वीच्या ३८ टक्के. अंतराळ स्थानकासारखं वजनरहित नाही, पण पृथ्वीपेक्षा कमी अशा गुरुत्वाकर्षणात राहण्याचा माणसाचा सगळा अनुभव म्हणजे चंद्रावर उतरलेले बारा जण, तेही जास्तीत जास्त साधारण तीन दिवस. एवढ्या वजनावर हाडं किती झिजतील हे त्यावरून ठरवता येत नाही. म्हणजे मंगळावरच्या लघवीत कॅल्शियम किती धरायचं, हा त्या यंत्राच्या डिझाइनमधला अगदी पहिला आकडाच अजून कोरा आहे.